आकडे जुळवणं, भांडी घासणं आणि देवाचं निर्मितीकार्य

प्रश्न: मी एका कंपनीत हिशेब बघते. माणसाचं रोजचं काम हे देवाच्या निर्मितीकार्याचं प्रतिबिंब आहे, असं उपदेशात बरेचदा ऐकलं. सुतार, चित्रकार, शेतकरी यांच्याबद्दल ते पटतं. पण दिवसभर आकडे जुळवायचे, घरी येऊन भांडी आणि कपडे करायचे, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा तेच. यात निर्मिती कुठे आहे? की हे फक्त मनाचं समाधान करणारं बोलणं आहे?

उत्तर:

ताई, तुमची शंका रास्त आहे. मी पाळकीय सेवेत बरीच वर्षं आहे. नोकरदार, कारागीर आणि घर सांभाळणाऱ्या लोकांबरोबर शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा अभ्यास, घेतो, आणि हाच प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. ‘तुमचं काम देवाच्या कामाचं प्रतिबिंब आहे’ असं आम्ही व्यासपीठावरून सांगतो आणि तिथेच थांबतो. ऐकणारे मान डोलावतात, सोमवारी कामावर जातात, आणि समोरच्या फायलीशी त्या वाक्याचा काय संबंध हे त्यांना कोणीच सांगितलेलं नसतं. मग ते सुतारालाच शोभतं, आपल्याला नाही, असं वाटणारच.

माझ्या मते घोटाळा ‘निर्मिती’ म्हणजे काय या समजुतीत आहे. पूर्वी नव्हती अशी वस्तू घडवणं म्हणजे निर्मिती, असं आपण धरून चालतो. बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय मात्र एकदा फक्त क्रियापदांवर बोट ठेवून वाचा. सुरुवातीला पृथ्वी आकारहीन आणि रिकामी आहे, सगळीकडे अंधार आणि पाणी. देव प्रकाश निर्माण करतो, आणि त्यानंतर काय करतो? वेगळं करतो. प्रकाश आणि अंधार वेगळे, वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगळं, समुद्र आणि कोरडी जमीन वेगळी. मग नाव देतो: दिवस, रात्र, आकाश, भूमी, समुद्र. पहिल्या तीन दिवसांत जागा तयार होतात आणि पुढच्या तीन दिवसांत त्या जागांमध्ये राहणारे येतात. आकाशात ज्योती, पाण्यात मासे, हवेत पक्षी, जमिनीवर पशू आणि माणूस. मधेमधे तो थांबून पाहतो आणि चांगलं आहे की नाही ते ठरवतो. काही कामं तो दुसऱ्यांवर सोपवतो: भूमीने वनस्पती उपजवाव्यात, सूर्याने दिवसावर सत्ता चालवावी. शेवटी काम थांबवतो.

काहीही नसताना अस्तित्व देणं हे फक्त देवाचं. त्यात आपला वाटा नाही, आणि आहे असं सांगणाऱ्यापासून जपून राहावं. पण वेगळं करणं, नाव देणं, जागा तयार करणं, भरणं, तपासणं, सोपवणं, थांबणं या सगळ्यांत देवाने माणसाला सहभागी करून घेतलं आहे. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. पहिल्या अध्यायात देव दिवसाला, रात्रीला, समुद्राला नावं देतो, पण प्राण्यांना देत नाही. दुसऱ्या अध्यायात तो प्राणी आदामाकडे आणतो आणि हा काय नाव देतो ते पाहतो. स्वतः सुरू केलेलं एक काम त्याने अर्ध्यावर माणसाच्या हाती दिलं आणि माणसाने दिलेलं नाव कायम ठेवलं.

आता तुमचं टेबल बघू. महिनाअखेर आहे. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळा, जुळत नाही, फरक २७०० चा येतोय. २७०० ला ९ ने भाग जातो, म्हणून कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असावी असा संशय तुम्हाला येतो. तुम्ही रोजकीर्द आणि खतावणी शेजारी ठेवून एकेक नोंद ताडून बघता आणि सापडतं: ६३०० च्या जागी ३६०० लिहिलं गेलंय. दरम्यान सस्पेन्स खात्यात एक जमा रक्कम पडून आहे. कोणाची, कशाची, काही पत्ता नाही. तुम्ही दोन फोन करता, एक जुनी पावती काढता, आणि त्या रकमेला नाव मिळतं. ती ज्या खात्याची आहे तिथे जाऊन बसते. हा खर्च या वर्षाचा, तो पुढच्या वर्षाचा. हा भांडवली, तो महसुली. वेगळं केलं, नाव दिलं, जागेवर ठेवलं, तपासलं. त्या हिशेबाच्या भरवशावर कोणाचा पगार वेळेवर निघतो, कोणाचं थकलेलं बिल चुकतं होतं. तुम्ही चित्र काढलेलं नाही हे खरं. पण गोंधळ होता तिथे लोकांना भरवसा ठेवून चालता येईल अशी जमीन तुम्ही केली, आणि उत्पत्तीच्या पहिल्या पानावर देव जे करतो त्याच्याशी याचं नातं चित्रकाराच्या कामाइतकंच जवळचं आहे.

रुग्णालयात सफाईचं काम करणाऱ्या एका बहिणीबरोबर मी हाच अध्याय वाचला होता. रुग्ण घरी गेला की ती खाटेचे दांडे, कठडे, शेजारचं छोटं कपाट, बेल वाजवायचं बटण, सगळं जंतुनाशकाने पुसते, गादी उलटीसुलटी करून बघते आणि धुतलेली चादर ताणून घालते. पुढचा रुग्ण कोण येणार हे तिला माहीत नसतं. पहिले तीन दिवस वाचून झाल्यावर ती म्हणाली, म्हणजे देवसुद्धा आधी खाट तयार करतो. मी अनेक भाष्यं वाचली आहेत, पण त्या तीन दिवसांचा अर्थ इतक्या नेमकेपणाने कोणी सांगितलेला मला आठवत नाही.

आता घरकाम. तुमच्या प्रश्नातला कळीचा भाग मला हाच वाटतो, कारण इथे अडचण वेगळी आहे. हिशेब निदान एकदा बंद होतो. भांडी कधीच संपत नाहीत. जे संध्याकाळपर्यंत पुसलं जातं त्याला निर्मिती कसं म्हणायचं?

यासाठी १०४ वं स्तोत्र हळूहळू वाचा. ते निर्मितीचंच स्तोत्र आहे, पण त्यातली बरीचशी कामं एकदा करून संपणारी नाहीत. देव झऱ्यांना वाट काढून देतो, रानातले प्राणी तिथे पाणी पितात. तो गुरांसाठी गवत उगवतो. रात्र होते, सिंहाचे छावे देवाकडे आपलं अन्न मागत बाहेर पडतात. सूर्य उगवला की ते परत जातात आणि माणूस आपल्या कामाला निघतो, संध्याकाळपर्यंत राबतो. सगळे जीव देवाकडे डोळे लावून बसतात, तो मूठ उघडतो, ते तृप्त होतात. उद्या त्यांना पुन्हा भूक लागणार आणि त्याला पुन्हा मूठ उघडावी लागणार. देवाचं काम सहा दिवसांत आटोपलं आणि आता तो लांबून बघतोय, असं हे स्तोत्र मानत नाही. बेथेसदा तळ्यापाशी शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, एका माणसाला बरं केल्यावर येशूवर आक्षेप आला, तेव्हा त्यानेही हेच उत्तर दिलं: माझा पिता आजपर्यंत काम करत आहे आणि मीही करत आहे.

निर्माण करणं आणि सांभाळणं ही शास्त्रात एकाच हाताची कामं आहेत. एदेन बागेत माणसाला ठेवलं तेही मशागत करायला आणि राखायला. राखणं म्हणजे रोज तेच करणं. तण रोज उगवतं, धूळ रोज बसते, पोट रोज रिकामं होतं, आणि कोणालातरी रोज त्याच्या आड उभं राहावं लागतं. तुमच्या भांड्यांचं, कपड्यांचं काम या बाजूचं आहे. ते टिकत नाही म्हणून कमी प्रतीचं, असं म्हणायचं तर रोजचा सूर्योदयही कमी प्रतीचा म्हणावा लागेल.

ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, इतिहासात हे ओळखणारे होऊन गेले. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी नियम लिहिले. त्यात कोठाराची व्यवस्था बघणाऱ्याला सूचना आहे, की मठातली सगळी भांडी आणि सामान वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखं मानावं. मार्टिन लूथर यांनी १५२२ मध्ये विवाहित जीवनावर लिहिताना बाळाची दुपटी धुणाऱ्या बापाचं उदाहरण घेतलं. लोक त्याला बायकी म्हणून हसतील, पण तो ते विश्वासाने करत असेल तर देव आपल्या सगळ्या दूतांसह आनंदाने हसतो, असं त्यांचं म्हणणं. दुपटी धुणारा बाप आहे हे मुद्दाम लक्षात ठेवा. घरकामाला देवाचं काम म्हणायचं आणि ते एकट्या बाईच्या अंगावर टाकायचं, हे मला मान्य नाही. देवाचं काम असेल तर घरातल्या सगळ्यांनाच ते करण्याचा मान मिळू द्या. पुनरुत्थान झालेला प्रभू तिबिर्या समुद्राच्या काठी शिष्यांसाठी निखारे पेटवून मासे भाजतो, भाकर ठेवतो आणि या, न्याहारी करा, म्हणून बोलावतो. योहानाने हे २१ व्या अध्यायात लिहून ठेवलं आहे, आणि त्यावर आपल्याकडे फारच कमी उपदेश होतात.

आपल्या मनात कामांची एक उतरंड पक्की बसलेली असते. वर प्रार्थना आणि सेवाकार्य, खाली पोटापाण्याचा उद्योग. ही उतरंड जुनी आहे. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप युसेबियस याने ख्रिस्ती जीवनाचे दोन प्रकार मांडले होते. एक देवाला वाहिलेलं, वरच्या दर्जाचं. दुसरं संसार, शेती, व्यापार करणाऱ्यांचं, दुय्यम. शास्त्र वाचताना मला ही वाटणी टिकताना दिसत नाही. निर्गम या पुस्तकाच्या ३१ व्या अध्यायात देव मोशेला सांगतो, की यहूदा वंशातल्या बसालेलाला मी नावाने बोलावलं आहे आणि देवाच्या आत्म्याने भरलं आहे. कशासाठी? सोनं, रुपं, पितळ यांचं काम, रत्नं पैलू पाडून बसवणं, लाकडावरचं कोरीवकाम यासाठी. त्याच्या जोडीला दान वंशातला अहलियाब, आणि ३५ व्या अध्यायात दोघांना आणखी एक देणगी: दुसऱ्यांना शिकवण्याची. त्याच अध्यायात स्त्रिया स्वतःच्या हातांनी निळं, जांभळं, किरमिजी सूत आणि बकऱ्याचे केस कातून आणतात. पवित्र आत्मा म्हटलं की आपल्याला भविष्यवाणी आठवते, पण इथे तो सुतात आणि धातूत काम करतो आहे.

शेतीबद्दल यशया २८ मध्ये जे आहे ते मला त्याहूनही आवडतं. शेतकरी सतत नांगरतच बसत नाही, असं संदेष्टा सांगतो. जमीन सपाट झाली की काळे जिरे आणि जिरे फेकून पेरतो, गहू ओळीने पेरतो. मळणीच्या वेळी जिऱ्यावर गाड्याचं चाक फिरवत नाही, काठीने झोडपतो. धान्य मळतो, पण त्याचा चुरा होईपर्यंत मळत नाही. आणि मग यशया म्हणतो, हे ज्ञान त्याला त्याचा देवच शिकवतो. ज्या मालाला जसं हाताळायला हवं तसं हाताळायचं, कुठे जोर लावायचा आणि कुठे हात आखडायचा, हे कामातलं कसब आहे. तुम्हालाही ते असणार. कोणती चूक ताबडतोब वर कळवायची, कोणती आधी शांतपणे तपासून बघायची, नवीन आलेल्या मुलाला कोणतं काम आत्ता द्यायचं नाही. आपण याला ‘अनुभव’ म्हणून सोडून देतो. यशयाने त्याला देवाकडून आलेलं शहाणपण म्हटलं.

इथवर सगळं छान वाटेल. पण सगळंच काम देवाचं प्रतिबिंब असतं का? नाही, आणि हे सांगितलं नाही तर मघाचं सगळं खोटं पडेल. बाबेलचा बुरूज बांधतानाही विटा भाजल्या गेल्या, कसब होतं, एकजूट होती. हेतू स्वतःचं नाव करण्याचा होता. आमोस संदेष्ट्याने आपल्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात जे व्यापारी दाखवले आहेत ते माप लहान करतात, वजन वाढवतात, तराजू खोटा ठेवतात आणि गव्हाचं भूस विकतात. हिशेबाच्या क्षेत्रात हे तुम्हाला मी सांगायला नको. खर्चाला दुसरंच नाव द्या, ही नोंद पुढच्या महिन्यात ढकला, असं वरून सांगितलं जातं. नाव देण्याचं काम देवाने माणसाच्या हाती दिलं, असं मी वर म्हटलं. मग खोटं नाव देणं म्हणजे तेच काम उलट्या दिशेने करणं होय. तिथे नकार देणं हाही तुमच्या निर्मितीकार्याचा भाग आहे. मात्र त्याची किंमत मोजावी लागू शकते हे मला माहीत आहे, म्हणून असा निर्णय एकटीने घेऊ नका. मंडळीतल्या जाणत्या माणसांना आणि कायदा समजणाऱ्याला सोबत घ्या.

दुसरी गोष्ट मी जास्त कळकळीने सांगतो. ज्याला पिळून घेतलं जातंय, ज्याची मजुरी दाबून ठेवली आहे, त्याला ‘तुझं काम देवाचं प्रतिबिंब आहे’ असं सांगून गप्प करणं हे पाप आहे. मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, इस्राएल लोक विटा पाडत होते. फारोने पेंढा देणं बंद केलं आणि विटांची संख्या तीच ठेवली. देवाने त्यांना विटा पाडण्याचा आध्यात्मिक अर्थ समजावला नाही, त्याने त्यांचा आक्रोश ऐकला आणि त्यांना बाहेर काढलं. याकोबाच्या पत्रात तर अडवलेली मजुरीच ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. काम पवित्र आहे म्हणूनच कामगाराचा छळ हा देवाचा अपमान ठरतो.

आणि काटे-कुसळं आहेतच. काम हा शाप नाही, कारण बाग राखण्याचं काम उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आलं आणि पतन, म्हणजे माणसाचं पापात पडणं, तिसऱ्यात. पण जमीन शापित झाली, त्यामुळे चांगलं कामही बोचतं. संगणक बंद पडतो, कष्टाचं श्रेय दुसरा घेतो, वर्षभर राबून तयार केलेली पद्धत नवा अधिकारी एका दिवसात मोडतो. हे सोसताना प्रसन्न वाटलंच पाहिजे असं काही नाही. कंटाळा आला म्हणून तुमचा विश्वास कमी ठरत नाही.

थांबण्याबद्दल थोडं. शब्बाथाची आज्ञा दोनदा दिली आहे आणि दोन्ही वेळा कारण वेगळं आहे. निर्गम २० मध्ये: देवाने सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विसावा घेतला म्हणून. अनुवाद या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात: तुम्ही मिसरमध्ये दास होता आणि देवाने तुम्हाला सोडवलं म्हणून. सात दिवस लॅपटॉप उघडा ठेवणारा माणूस देवासारखा वागत नाही आणि मोकळ्या माणसासारखाही वागत नाही. आमोसाचे ते व्यापारी शब्बाथ कधी संपतोय याची वाट बघत होते, हे उगीच लिहिलेलं नाही.

याच संदर्भात एक काळजी घ्या. हा विचार आजारी, वृद्ध किंवा नोकरी गेलेल्या माणसासमोर मांडताना क्रम चुकवू नका. उत्पत्ती १:२७ मध्ये माणूस देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला, काम १:२८ मध्ये मिळालं. प्रतिरूप आधी, काम नंतर. अंथरुणाला खिळलेली आई काहीच करू शकत नाही तेव्हाही त्या प्रतिरूपात तसूभर कमी होत नाही. १९८१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी मानवी श्रमावर जे पत्र लिहिलं, त्याचा गाभाही याच दिशेचा आहे: कामाला मोल येतं ते करणारा माणूस आहे म्हणून. ते काम कोणत्या प्रकारचं आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

प्रत्यक्षात काय करायचं? आमच्या अभ्यासगटात आम्ही आठवड्यातलं एकच काम निवडतो. सगळ्या नोकरीवर विचार करायला गेलं की बोलणं हवेत जातं. हातात घेतलं तेव्हा ते कसं होतं, सोडलं तेव्हा कसं होतं, मधे मी नेमकं काय केलं, आणि त्यावर आता कोण उभं आहे, एवढं प्रत्येकाने सांगायचं. तुम्ही ती सस्पेन्स खात्यातली रक्कम घेऊन सुरुवात करू शकता. दिवस संपताना देवासारखं थांबून बघा आणि जे चांगलं झालं त्याला चांगलं म्हणा. नम्रतेच्या नावाखाली आपण हे टाळतो, पण चांगल्याला चांगलं म्हणणं ही देवाचीच रीत आहे. आणि तेरीज जुळलीच नाही तर? मूळ इब्री मजकुरात दुसऱ्या दिवशी ‘चांगले आहे’ हे शब्द येत नाहीत, तिसऱ्या दिवशी मात्र दोनदा येतात. अकराव्या शतकातले यहुदी भाष्यकार रशी त्याचं कारण देतात: पाण्याचं काम दुसऱ्या दिवशी पुरं झालं नव्हतं, तिसऱ्या दिवशी झालं. अपुऱ्या कामाला ओढूनताणून चांगलं म्हणायची गरज नाही. संध्याकाळ होऊ द्या, उद्या पुन्हा बसा.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो बहुतेक वेळा मागोमाग येतो: माझ्या शेजारी बसणारा सहकारी विश्वास ठेवत नाही, त्याच्या कामाचं काय? प्रतिरूप सगळ्या माणसांना दिलेलं आहे, फक्त मंडळीतल्यांना नाही. इस्राएलचा राजा शलमोन याला मंदिर बांधायचं होतं तेव्हा त्याने सोरच्या राजाला निरोप धाडला, की सीदोनी लोकांसारखं लाकूड तोडणारं आमच्यात कोणी नाही. देवाच्या मंदिराचे गंधसरू इस्राएलबाहेरच्या हातांनी तोडले गेले, आणि शलमोनाला ते मोकळेपणाने मान्य करण्यात कमीपणा वाटला नाही. तुमचा सहकारी तुमच्यापेक्षा नेटका हिशेब ठेवत असेल तर त्याच्याकडून शिका, आणि त्याचं काम चांगलं आहे हे त्याला तोंडावर सांगा.